‘सरासरी’ नको, ‘आणेवारी’ चालेल

प्रश्न असा आहे : आंबा बागायतीच्या जोखीम-अहवालात ‘तज्ज्ञांच्या मतांची सरासरी’ असं लिहिलंय. ‘सरासरी’ बरोबर आहे का? आणि ‘कॅलिब्रेशन’ (तज्ज्ञाची खात्री प्रत्यक्षाशी किती जुळते ते पाहणं), ‘वेटेज’ (कोणाच्या मताला किती वजन) यांना काय म्हणावं?

‘सरासरी’ने इथे घोळ होतो. ऐन मोहोरात अवकाळी पाऊस पडला तर शंभर पेट्यांमागे किती जातील, असं रत्नागिरीच्या दोन जाणकारांना विचारलं असं धरू. एक म्हणतो 20 ते 40, दुसरा 60 ते 80. टोकांची सरासरी काढली की 40 ते 60 येतं, म्हणजे नेमकी दोघांनाही अमान्य असलेली पट्टी! त्याऐवजी दोघांच्या शक्यता मिसळायच्या. मग पसारा साधारण 20 पासून 80 पर्यंत जातो, मधे खळगा राहतो आणि मतभेद उघड दिसतो. याला मी ‘एकत्रित अजमास’ म्हणेन. अजमासात ‘अजमावणं’ आहे, आणि इथे तज्ज्ञालाच अजमावायचं असतं.

कॅलिब्रेशनला ‘अंशांकन’ आहे, पण तो शब्द उपकरणावर खुणा करण्याचा. माणसासाठी ‘ताळा’ घ्या, गणिताचा पाहतो तोच. तज्ज्ञांची मतं एकत्र करण्याची जी पद्धत गणितज्ञ रॉजर कूक यांनी 1991 मध्ये मांडली, तिच्यात आधी दहाएक प्रश्न असे घालतात, की त्यांची उत्तरं विचारणाऱ्याला ठाऊक, तज्ज्ञाला नाहीत. उदाहरणार्थ, अमुक वर्षी एप्रिलमध्ये नोंदलेलं कमाल तापमान. प्रत्येकाला तीन आकडे द्यायचे : खरं उत्तर ज्याच्या खाली असण्याची शक्यता 5 टक्के तो, 50 टक्के तो आणि 95 टक्के तो. दहांतली नऊएक उत्तरं पहिल्या-तिसऱ्या आकड्यांमध्ये पडली तर ताळा बराचसा जमला. चारच पडली तर गडी फाजील खात्रीने बोलतोय. उलट, दर वेळी ‘शून्य ते शंभर’ सांगणाऱ्याच्या पट्टीत सगळंच मावतं, कळत काहीच नाही. म्हणून ताळ्याला नेमकेपणाने (पट्टी किती अरुंद त्याने) गुणतात आणि त्यावरून त्याच्या मताचं वजन ठरतं. ताळा ठरल्या मर्यादेखाली गेला तर त्या मताला पैचंही वजन मिळत नाही, मग तज्ज्ञ कितीही मोठ्या हुद्द्यावर असो.

‘पै’ वरून वेटेजकडे. ‘भार’ चुकीचा नाही, पण कोकणात सामाईक बागेचा हिस्सा चार आणे, सहा आणे असा सांगतात आणि सगळ्यांची बेरीज सोळा आणे. वेटेजची बेरीज एक, तसंच हे. एकाची आणेवारी नऊ, दुसऱ्याची सात, हे बागायतदाराला लगेच उमगतं. अडचण एकच : पीकपाहणीतही ‘आणेवारी’ आहे, म्हणजे पीक किती आलं त्याचा अंदाज (सरकारी कागदात आता ‘पैसेवारी’). तेव्हा अहवालात पहिल्यांदा ‘मताची आणेवारी’ असं पुरतं लिहा.