परड्यातला जुना आंबा नेमका कोणता? डीएनए तपासणीविषयी बागायतदारांच्या प्रश्नांना उत्तरे

सिंधुदुर्ग, दक्षिण रत्नागिरी आणि पेडणे भागांतल्या बागायतदारांनी विचारलेले प्रश्न साधारण एकाच वळणाचे आहेत. घरामागच्या परड्यात किंवा गडग्याच्या कडेला आंब्याचे जुने झाड आहे. फळ उत्तम लागते, पण त्याला कुणी मानकुराद म्हणतो, कुणी मुसराद, कुणी फर्नांदिन. डीएनए तपासून खरे नाव कळेल का, पाने कशी पाठवायची, आणि आलेल्या अहवालाचे करायचे काय, असे त्यांनी विचारले आहे.

तपासणीने वाणाचे नाव कळते का?

थेट कळत नाही. प्रयोगशाळा पानातून डीएनए काढते आणि त्यातल्या ठरावीक जागा तपासते. या जागांना मार्कर म्हणतात. वाण ओळखण्यासाठी एसएसआर प्रकारचे मार्कर बरेच वापरले जातात. त्या जागी डीएनएची दोन-तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात आणि ती किती वेळा येतात हे वाणागणिक बदलते. प्रत्येक मार्करवर झाडाचे दोन आकडे मिळतात. एक मातृवृक्षाकडून आलेला असतो, दुसरा परागकणाकडून. असे १२ ते १५ चांगले मार्कर घेतले की कोयीपासून स्वतंत्रपणे उगवलेल्या दोन झाडांचे सगळे आकडे योगायोगाने जुळणे जवळजवळ अशक्य होते.

पण आकड्यांना नाव मिळते ते ओळखीच्या झाडांशी ताडून पाहिल्यावरच. इंग्लंडमध्ये जुन्या बागांतली सफरचंदे याच पद्धतीने ओळखतात. तिथे ते साधते, कारण ब्रॉगडेलच्या राष्ट्रीय फळसंग्रहात सफरचंदाचे २,००० हून अधिक वाण जिवंत झाडांच्या रूपात राखलेले आहेत. आपल्याकडे लखनौजवळ रहमानखेडा येथे आंब्याचा मोठा संग्रह आहे. कोकण आणि गोव्यातल्या जुन्या वाणांसाठी मात्र वेंगुर्ले येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आणि जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था यांच्याकडची झाडे अधिक उपयोगाची. म्हणून पैसे भरण्याआधी प्रयोगशाळेला विचारा की संदर्भासाठी त्यांच्याकडे मानकुराद, पायरी, हापूस, मुसराद, फर्नांदिन, हिलारियो यांपैकी कोणते नमुने आहेत आणि ते कोणत्या संग्रहातले आहेत. ‘आमच्याकडे सगळे आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, यादी मागा. नुसत्या छापील आकड्यांशी तुलना करणारी प्रयोगशाळाही टाळा. एकाच झाडाचे आकडे दोन प्रयोगशाळांच्या यंत्रांवर एक-दोन अक्षरांनी पुढेमागे येऊ शकतात. संदर्भाचा नमुना तुमच्या नमुन्याबरोबर त्याच यंत्रावर चालवलेला असला पाहिजे.

आमचा हापूस देवगडचा की रत्नागिरीचा, हे कळेल का?

नाही. हापूस कलमानेच वाढवला गेला आहे, त्यामुळे देवगड, रत्नागिरी किंवा धारवाडकडच्या हापूस झाडांचे एसएसआर आकडे एकच येतात. चवीतला फरक जमीन, हवामान आणि फळ काढण्याची वेळ यांतून येतो. एखाद्या फांदीवर निसर्गतः झालेला बारीक बदल, उदाहरणार्थ लवकर पिकणारी किंवा सालीला जास्त लाली येणारी फांदी, हाही या तपासणीत सहसा दिसत नाही. झाडाचे वयसुद्धा यातून कळत नाही.

आजोबांनी हापूसची कोय लावली होती. ते झाड हापूसच ना?

नाही, ते रायवळ, म्हणजे कोयीपासून उगवलेले, कलम न केलेले झाड. हापूसच्या कोयीतून एकच रोप येते आणि त्यात निम्मा वाटा अनोळखी परागाचा असतो. मात्र पश्चिम किनाऱ्यावरच्या काही आंब्यांच्या कोयीतून एकापेक्षा जास्त रोपे येतात. त्यातली बरीचशी मातृवृक्षासारखीच निघतात. ‘गोवा’, ओलूर, वेल्लाईकोलंबन हे आंबे या प्रकारातले. म्हणून जुन्या झाडाखाली एकाच कोयीतून दोन-तीन रोपे वर आलेली दिसली तर तशी नोंद जरूर करा.

नमुना कसा घ्यायचा?

अहवाल चुकतात ते प्रयोगशाळेपेक्षा बागेत जास्त, म्हणून हे उत्तर सविस्तर देत आहोत.

जुनी कलमे बहुतेक भेट कलमे आहेत. जोडाच्या खाली रायवळ खुंट आहे आणि वर वाण. बुंध्याशी हाताला येते ती फूट जोडाखालचीही असू शकते. तिची पाने पाठवली की अहवाल खुंटाचा येतो, ‘कशाशीही जुळत नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि पैसे वाया जातात. जुन्या झाडावर जोड ओळखू येत नाही, सालीतला फरक पुसला गेलेला असतो. यावर खात्रीचा उपाय असा: हंगामात ज्या फांदीची फळे तुम्ही पाहिली, मोजली आणि खाल्ली, तिला रंगाचा पट्टा मारून ठेवा आणि पाने त्याच फांदीची घ्या. दुसरा नमुना झाडाच्या विरुद्ध बाजूच्या फांदीचा घ्या. एकाच खड्ड्यात लावलेली दोन कलमे पन्नास-साठ वर्षांत एका बुंध्यासारखी दिसू लागतात, आणि एकाच झाडावर दोन वाण बांधलेलेही आढळतात.

बांडगुळाकडे लक्ष ठेवा. उंचावरून आकडीने फांदी ओढताना बांडगुळाची पाने आंब्याच्या पानांत मिसळून येतात. आंब्याचे पान चुरगळले की त्याचा ओळखीचा वास येतो. बांडगुळाला तो नसतो.

पावसाळा सरल्यावर येणारी नवी पालवी सर्वांत चांगली. तांबूस रंग उतरून पोपटी होऊ लागलेली, पण अजून मऊ असलेली चार-पाच पाने एका नमुन्याला पुरतात. जून पानात तंतू, चिकट शर्करा आणि पॉलीफेनॉल (पानातली तुरट द्रव्ये) जास्त असतात. डीएनए काढताना ती तपकिरी पडतात आणि पुढची क्रिया अडते. आंब्यात ही अडचण नेहमीची आहे. म्हणूनच प्रयोगशाळेला आंब्याचा अनुभव आहे का, डीएनए काढण्याच्या सीटॅब पद्धतीत पीव्हीपी (पॉलीफेनॉल धरून ठेवणारा पदार्थ) वापरतात का, हे विचारून घ्या. तुडतुड्यांमुळे खार पडलेली, काजळी चढलेली किंवा करप्याची पाने नकोत.

पाने ओल्या स्वच्छ कापडाने पुसा, कोरडी करा, मधली जाड शीर काढून टाका आणि तुकडे करून कागदी पाकिटात घाला. ते पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या खड्यांत, ठेवा. पानांच्या वजनाच्या किमान दहापट सिलिका हवी, म्हणजे ३ ग्रॅम पानांना ३० ग्रॅम. रंग बदलणारी सिलिका घेतली तर ती ओली झाली हे लगेच कळते. तसे झाल्यास त्याच दिवशी बदला. २४ तासांत पान वाळले पाहिजे आणि दोन दिवसांनी बोटांत कडकन मोडले पाहिजे. उन्हात किंवा चुलीवर वाळवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत ओली पाने टपालाने पाठवली तर ती वाटेत कुजतात आणि डीएनए तुटतो. घरच्या फ्रीजरमध्ये गोठवून पाठवणे त्याहून वाईट. बर्फ वितळला की पेशी फुटतात आणि पान काळे पडते.

पाकिटावर पेन्सिलीने लिहा, शाई ओलाव्याने पसरते. क्रमांक, तारीख, गाव, गट क्रमांक, फांदीची दिशा एवढे पुरे. ‘मानकुराद असावा’ असा अंदाज पाकिटावर लिहू नका.

सोबत दोन जास्तीची पाकिटे पाठवा, असा आमचा आग्रह आहे. एकात पक्क्या खात्रीच्या हापूसची पाने, दुसऱ्यात तुमच्याच झाडाची पाने वेगळ्या क्रमांकाने. हापूसचे पाकीट हापूस म्हणून ओळखले गेले नाही, किंवा एकाच झाडाच्या दोन पाकिटांचे आकडे वेगळे आले, तर बाकीच्या अहवालावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. खर्च थोडा वाढतो, पण तो करावा.

नमुना परस्पर परदेशी प्रयोगशाळेकडे पाठवू नका. जैवविविधता कायदा, २००२ नुसार त्यात राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या परवानगीचा प्रश्न येतो.

अहवाल कसा वाचायचा?

नुसता ‘९४ टक्के साम्य’ असा शेरा घेऊन परतू नका. प्रत्येक मार्करच्या आकड्यांचा तक्ता मागून घ्या. समजा एका मार्करवर तुमच्या झाडाचे आकडे १६२ आणि १७० आहेत आणि संदर्भातल्या मानकुरादचेही तेच आहेत. असे सर्व १२ मार्करवर असेल तर दोन्ही झाडे एकाच मूळ झाडाची कलमे आहेत असे धरायला हरकत नाही. ११ जुळतात आणि एकावर तुमच्याकडे १६२ हा एकच आकडा दिसतो, तेव्हा दुसरा आकडा यंत्रात उमटलाच नसण्याची शक्यता मोठी असते. खराब डीएनएमध्ये हे वारंवार घडते. तेवढा मार्कर पुन्हा करून घ्या. तीन किंवा अधिक मार्करवर स्पष्ट फरक असेल आणि तो पुन्हा केल्यावरही टिकला, तर वाण वेगळा आहे, मग फळ कितीही सारखे दिसो.

तिसरी शक्यता अशी की पूर्ण जुळणी कुठेच नाही, पण प्रत्येक मार्करवर निदान एक आकडा हापूसचा आहे. हे पालक-संततीचे लक्षण आहे. कोयीपासूनची हापूसची संतती अशीच दिसेल. ‘रत्ना’ हा नीलम आणि हापूस यांचा संकर असल्याने त्याचेही तसेच दिसेल. म्हणून वेंगुर्ल्याचे संकरित वाण संदर्भात असणे गरजेचे आहे, नाहीतर अलीकडे लावलेले रत्नाचे कलम ‘अनोळखी जुना वाण’ ठरायचे.

कशाशीच जुळला नाही तर?

आधी वर सांगितलेला खुंटाचा घोटाळा नाही ना, ते तपासा. तो नसेल तर झाडाचे मोल वाढते, कमी होत नाही. मात्र नुसत्या आकड्यांवर वाण उभा राहत नाही, वर्णन लागते. एका हंगामात चांगली पोसलेली १० फळे घेऊन प्रत्येकाचे वजन, लांबी, रुंदी, जाडी लिहा. चोच आहे की नाही, सालीचा आणि गराचा रंग, रेषा, कोयीचे वजन, पिकल्यावर रिफ्रॅक्टोमीटरने गोडी, गरात साका (पांढरट, स्पंजासारखा खराब भाग) होतो का, हे सगळे टिपा. पालवीचा रंग, मोहोराच्या दांड्याचा रंग, पहिला मोहोर कधी, फळ कधी उतरते, दरवर्षी धरते की वर्षाआड, हेही हवे. दोन हंगामांची नोंद असावी, कारण एका वर्षाच्या पावसाने आकडे बदलतात.

त्यानंतर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोक जैवविविधता नोंदवहीत झाडाची नोंद करा. ‘वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१’ खाली शेतकऱ्याचा वाण म्हणूनही नोंदणी मागता येते. शेतकऱ्याला शुल्क नाही. अर्जावर जैवविविधता समिती, जिल्हा कृषी अधिकारी किंवा कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक अशांपैकी एकाचे शिफारसपत्र लागते. वेगळेपणा, सारखेपणा आणि स्थिरता या गुणांवर निर्णय होतो, डीएनए अहवाल त्याला पूरक.

जुळणी झाली म्हणून भौगोलिक मानांकनाचे, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालासाठी राखलेले, नाव मात्र आपोआप वापरता येत नाही. हापूसचे २०१८ चे मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरते आहे, आणि त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. ‘गोवा मानकुराद’ला २०२३ मध्ये मानांकन मिळाले. वेंगुर्ल्यातल्या परड्यातले झाड डीएनएने मानकुराद ठरले तरी त्याचे फळ त्या नावाने विकता येणार नाही.

तपासणी आधी की कलमे आधी?

कलमे आधी. अहवालाला महिने लागू शकतात आणि पोखरलेले जुने झाड एका वादळात जाते. अशा झाडावर कलमाला योग्य काडी मिळत नाही ही खरी अडचण. त्यासाठी फळे उतरल्यावर लगेच अंगठ्याएवढ्या जाडीच्या चार-सहा फांद्या छाटा, कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. नव्या फुटीतून तीन-चार महिन्यांची, १० ते १५ सेंटिमीटर लांबीची, डोळा फुगलेली काडी निवडा. काढण्यापूर्वी आठ-दहा दिवस तिची पाने देठ ठेवून कापा. ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत हवेत दमटपणा असतो, तेवढ्यात कोय कलम बांधून घ्या. खुंट १० ते १५ दिवसांचा, पाने अजून तांबूस असलेला हवा. काडी आणि खुंट एकाच जाडीचे नसतील तर निदान एका बाजूची साल जुळवा. काडी मिळायला उशीर झाला तर मोठ्या रोपावर मृदुकाष्ठ कलम (कोवळ्या, मऊ फुटीवर बांधलेले) करता येते.

निदान दहा कलमे बांधा, त्यातली काही मरतातच. जगलेली दोन वेगळ्या जागी लावा आणि जमल्यास एक-दोन वेंगुर्ल्याच्या किंवा जुन्या गोव्याच्या संग्रहाला द्या. प्रत्येक कलमाला मातृवृक्षाचा तोच क्रमांक जस्ताच्या पट्टीवर कोरून बांधा. त्यांना फळ धरेपर्यंत मूळ झाड तोडू नका. कलमाचे पहिले फळ जुन्या वर्णनाशी ताडून पाहायला ते लागेल.