गॅरेजला दार कसलं लावू?

प्रश्न : ताई, दापोलीजवळ समुद्रापासून जेमतेम पाऊण किलोमीटरवर आमचं जांभ्याचं घर आहे. शेजारी गॅरेज बांधून झालंय. तोंड दहा फूट रुंद, साडेसात फूट उंच. लिंटेलच्या खालच्या कडेपासून स्लॅबपर्यंत नऊ इंच जागा उरते. आम्ही दोघंही सत्तरीचे. मुलगा पुण्याहून स्कॉर्पिओ-एन घेऊन येतो. त्याला रिमोटवर छताखाली सरकणारं परदेशी पद्धतीचं दार हवंय, फॅब्रिकेटर लोखंडी शटर सांगतो आणि आमचा सुतार म्हणतो सागवानी दोन फळ्या लावा. कोणाचं ऐकू?

उत्तर : तिघांपैकी कुणीच भिंतीबद्दल बोललेलं दिसत नाही, म्हणून आधी तेच. दार कुठलंही घ्या, त्याचा बराचसा भार दोन्ही बाजूंच्या भिंतींवर येणार. जांभ्याचा चिरा वजन झकास पेलतो, पण त्यात ठोकलेला अँकर फास्टनर धरत नाही. भोक पाडताना भुगा होतो, आणि दार रोज हादरलं की वर्षभरात बोल्ट हलायला लागतो. तोंडाच्या दोन्ही अंगांना काँक्रीटचे खांब असतील तर प्रश्नच नाही. नसतील तर जिथे ब्रॅकेट आणि गाइड (दार ज्यातून सरकतं ती बाजूची पन्हळ) येणार तिथले चिरे काढून काँक्रीटचे ठोकळे ओतून घ्या. गवंड्याचं दोन-चार दिवसांचं काम आहे. फॅब्रिकेटर हे आपण होऊन सांगणार नाही, कारण ते त्याच्या बिलात येत नाही.

आता मुलाचं दार. ते आडव्या पॅनेलांचं असतं, रुळांवरून वर जातं आणि छताखाली आडवं पडतं. दिसायला देखणं, आवाजही कमी. पण नेहमीच्या पद्धतीत लिंटेलच्या खालच्या कडेपासून वर फूट-सव्वा फूट जागा लागते. तुमच्याकडे नऊ इंच. कमी जागेत बसणारे रूळ मिळतात, पण मग तारा, कप्प्या, बिजागऱ्या वाढतात, आणि खाऱ्या हवेत हीच मंडळी पहिल्यांदा गंजतात. शिवाय पॅनेलवरचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. एक रोलर तुटला तर माणूस पुण्या-मुंबईहून येणार, तोही ‘पुढच्या आठवड्यात’. पुण्यातल्या बंगल्याला मी हे दार आनंदानं सुचवीन. दापोलीत नाही.

सागवानी दाराचं मन मला कळतं, पण प्रत्येक फळी पाच फुटांची होईल. आत उघडणारी घेतली तर गाडीची जागा खाणार, बाहेर उघडणारी घेतली तर वारा ती हातातून हिसकावणार. आषाढात लाकूड फुगतं तेव्हा दोघांनी मिळून खांदा लावायचा का? सुताराला सांगा, देवघराचं दार कर.

राहिलं शटर. माझं मत शटरलाच आहे, पण फॅब्रिकेटरच्या मनातलं नव्हे. दुकानाला लावतात तसं काळ्या लोखंडाचं, वरून ऑइल पेंट मारलेलं शटर तुमच्याकडे खालच्या पट्टीपासून सडायला लागेल, कारण पाणी आणि वाळू तिथेच साचते. अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचं, पावडर कोटिंग केलेलं घ्या. खर्च झेपत नसेल तर जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा, अठरा गेज, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे लक्षात ठेवा. बावीस गेज ‘जास्त चांगला’ म्हणून गळ्यात मारणारे भेटतात. अॅल्युमिनियम घेतलंत तर स्क्रू साधे लोखंडी नकोत. खाऱ्या ओलाव्यात ते लवकर गंजतात. स्टेनलेसचे घ्या, तेही ३१६ नंबरचे. ३०४ नंबर शहरात चालतो, पण ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठापुढे टिकतं.

वाऱ्याचं विसरू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं तेव्हा दापोली-हर्णैनं काय सोसलं ते तुम्हाला मी सांगायला नको. दहा फुटी शटरवर असा वारा आला की मधला भाग पोटासारखा फुगतो, पट्ट्यांची टोकं गाइडमधून निसटतात आणि मग आख्खं शटर आत येतं. म्हणून गाइड चॅनल निदान तीन इंच खोल मागा आणि पट्ट्यांच्या टोकांना वाऱ्यासाठीचे लॉक बसवायला सांगा. ‘आपल्याकडे कुणी लावत नाही’ असं उत्तर आलं तर दुसरा फॅब्रिकेटर बघा.

तुमच्या नऊ इंचांत शटरची गुंडाळीही पूर्ण मावणार नाही. या उंचीला ती सव्वा फुटापर्यंत जाते, म्हणजे सहा इंच तोंडात उतरेल आणि मोकळी उंची सात फूट राहील. मुलाची गाडी सहा फूट एक इंच उंच आहे, तेव्हा निभावतं. टपावर सामान बांधून आत घालू नको एवढं त्याला सांगा. गुंडाळी बाहेरच्या अंगाला बसवण्याचा सल्ला मिळेल, आतली उंची वाचते म्हणून. ऐकू नका. पागोळ्या आणि खारा वारा थेट स्प्रिंगवर जाईल.

क्षेत्रफळ पंच्याहत्तर चौरस फूट, म्हणजे सात चौरस मीटर. एवढं शटर तरुण माणूस हातानं ढकलतो, पण या वयात तुम्ही वाकून उचलायचं नाही. मोटर बसवा. मात्र वीज नसताना साखळीनं फिरवायची सोय असलेलीच. निसर्गनंतर कित्येक गावांत आठवडे-आठवडे वीज नव्हती. तेव्हा गाडी गॅरेजात अडकलेली परवडत नाही. मोटरसोबत दाराच्या दोन्ही अंगांना, जमिनीपासून सहा इंचांच्या आत, मध्ये कुणी आलं तर दार थांबवणारा सेन्सर हवाच. नातवंडं येतात ना?

खाली रबर लावून घ्या आणि फरशीला बाहेरच्या बाजूला उतार द्या. दार टेकतं त्याच्या बाहेरची पातळी अर्धा-पाऊण इंच खाली ठेवली तर पावसाचं पाणी आत वळत नाही. बोट शिरेल एवढी फट राहिली तर बेडूक येणार आणि बेडकामागून कोण येतं हे कोकणात सांगावं लागत नाही. फुरसं, तो छोटा विषारी साप, तर त्याहून कमी जागेत मावतं. हवेसाठी खाली फट ठेवण्यापेक्षा वरच्या चार-पाच पट्ट्या जाळीच्या घ्या, नाहीतर श्रावणात गाडीच्या सीटवर बुरशी येईल.

भाव चौरस फुटावर सांगतात, तेव्हा माप कुठून कुठे धरलंय ते लिहून घ्या. बरेच जण गुंडाळीसाठी उंचीत फूट-दीड फूट वाढवून बिल करतात. प्रथा आहे, फसवणूक नाही, पण आधी ठाऊक असावं. आणि गाइडला ग्रीस थापू नका. वाळू चिकटते. कोरड्या दिवसांत महिन्यातून एकदा गोड्या पाण्यानं धुवा, सुकलं की सिलिकॉन स्प्रे मारा.

प्रश्न : नाशिकला रो-हाऊस आहे. पार्किंगचं तोंड आठ फूट, समोर अरुंद रस्ता. स्विफ्ट आहे. कुठलं दार बसेल?

उत्तर : स्विफ्ट १७३५ मिलिमीटर रुंद, त्यात आरशांचा मिळून फूटभर धरा. आठ फूट म्हणजे २४३८. दोन्ही बाजूंना वीतभर उरतं, तेही गाडी सरळ आली तर. अरुंद रस्त्यावरून वळून आत घेताना ती वीतही उरत नाही. म्हणून गाइड किंवा चौकट तोंडाच्या आत घेऊ नका, भिंतीच्या मागच्या अंगाला बसवा. बाहेर उघडणारं गेट रस्त्यावर येतं, ते नकोच. बाजूला आठ फूट मोकळी भिंत असेल तर सरकतं गेट, नसेल तर आत घडी होणारं चार पानांचं. आणि मोकळं पार्किंग बंदिस्त करण्याआधी महापालिकेत चौकशी करा.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत एडिसनला राहतो. त्याच्या गॅरेजच्या दाराची स्प्रिंग मोठा आवाज होऊन तुटली. यूट्यूब बघून स्वतः बदलणार म्हणतो. घर घेऊन सात वर्षं झाली. दारच बदलावं का?

उत्तर : आजच फोन करा आणि त्याला थांबवा. दोन गाड्यांचं पत्र्याचं दार सत्तर किलोच्या घरात जातं. ते वजन मोटर नव्हे, स्प्रिंग तोलते. मोटर फक्त ढकलते. दाराच्या वर आडव्या दांड्यावर असते ती स्प्रिंग पीळ देऊन ताणलेली असते आणि ती सोडताना हातातला गज सुटला तर मनगट मोडतं. तिकडे हे काम करणारे लोक असतात, त्यांना पैसे देऊ दे.

सात वर्षांत तुटली यात नवल नाही. साध्या स्प्रिंगा दहा हजार वेळा उघडझाप करायला बनवलेल्या असतात. दिवसाला चार वेळा धरलं तर साधारण सातच वर्षं होतात. तेव्हा दार ठीक असेल तर बदलायचं कारण नाही. स्प्रिंगा दोन असतील तर दोन्ही बदलून घ्याव्यात, कारण दुसरीचंही वय तेवढंच आहे, आणि जास्त उघडझापीच्या मागाव्यात.

दार बदलायचं कारण वेगळं असू शकतं. गॅरेजच्या डोक्यावर झोपायची खोली आहे का आणि जानेवारीत तिथली जमीन गार पडते का, ते विचारा. तसं असेल तर आत फोम भरलेलं दार घेण्यात अर्थ आहे. मोटर फार जुनी असेल तर तीही बघावी. १९९३ पासून तिथे घरगुती मोटरला, मूल किंवा मांजर मध्ये आलं तर दार उलटं फिरण्याची सोय सक्तीची आहे.

आणि स्प्रिंग तुटलेली असताना दार अर्धवट वर अडकलं असेल तर दार मोटरपासून सोडवणारी ती लाल दोरी ओढू नको म्हणावं. सगळं वजन एकदम खाली येईल.