घरी स्वस्तात फ्रूट लिकर करायचंय, कोणती दारू आणि कोणतं फळ घेऊ?

महागडी बाटली अजिबात नको, गोव्यात मिळते ती साधी लोकल व्होडका बास, कारण चव शेवटी फळाची आणि साखरेचीच येते. फेणी नको, तिचा वास सगळ्यावर चढतो, आणि उर्राक (काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू) कमी कडक असल्यामुळे त्यात फळ टिकत नाही. मे महिन्यात म्हापशाच्या बाजारातून जांभळं आण, धुऊन पूर्ण कोरडी करून काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत भर, वरून व्होडका एवढी ओत की एकही फळ उघडं राहता कामा नये नाहीतर बुरशी धरते. दोन-तीन आठवडे अंधारात ठेव, मधेमधे हलव. मग फडक्यातून गाळ पण पिळू नकोस हां, गढूळ होतं. साखरेचा पाक पूर्ण गार झाल्यावरच, चाखत चाखत घाल.