सौर पंप घ्यावा की लाईटच्या जोडणीसाठी थांबावं?

"विहिरीवर सौर पंप घ्यायचा म्हणतोय, पण वडील म्हणतात उन्हाच्या मोटरीचा भरवसा नाही," असं तुम्ही लिहिलंय. माझे थोरले दीर शब्दशः हेच म्हणायचे.

आमची विहीर नवी, तिला जोडणी नव्हती. गव्हाला पाणी दिरांच्या मोटरीवरून घ्यायचो. संगमनेर तालुक्यात शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळी आली की ह्यांनी कडाक्याच्या थंडीत बॅटरी आणि काठी घेऊन निघायचं, बिबट्याची धास्ती वेगळीच. एका पौषात दारं धरताना, म्हणजे वाफ्यांत पाणी वळवताना, ह्यांना घोणस चावली. जीव वाचला, पण पायाचा पंजा आजही बधिर आहे. मी सौर पंपाचा अर्ज भरायला काढला तर दीर म्हणाले, "ढग आले की बंद पडणारी मोटर काय कामाची?"

अहो, श्रावणात गहू भिजवायचाय कुणाला? गव्हाला पाणी लागतं थंडीत, तेव्हा आभाळ स्वच्छ असतं.

रात्रीची पाळी शेतकऱ्याच्याच वाट्याला का आली? कोळशावरचा वीजनिर्मितीचा संच रात्री मागणी उतरली म्हणून चुलीसारखा विझवता येत नाही. मग उरलेली वीज शेतीकडे वळवायची, असं वर्षानुवर्षं चाललं. सौर वीज भरदुपारी मुबलक, म्हणून आता शेतीचा भार दिवसा आणणं सरकारलाही परवडतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे.

आता पाणी मी देते. सकाळी धार बारीक असते, अकरा ते तीन जोरात, चारनंतर परत उतरते. तेवढ्यात ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवून घेते. पॅनल पहाटेच धुते, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये.

तेव्हा घ्याच. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के रक्कम भरावी लागते. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाचपर्यंत ५, पुढे साडेसात. मात्र त्या विहिरीवर आधीची वीजजोडणी असेल तर बसत नाही. बोअर फार खोल असेल तर पाणी किती उचलेल ते आधी नीट विचारून घ्या. आणि बिल येत नाही म्हणून मोटर दिवसभर सोडू नका, विहीर तळ गाठते.

वडिलांना एवढंच विचारा, रात्री दारं धरायला घरातलं कोण जातं? जो जातो त्याचं मत धरा. आमचे दीर कधी गेले नाहीत, त्यांचा सालगडी जायचा.