केराची पाटी

'आक्का, मी चोपडा तालुक्यातला, वय २९. कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टला होतो. एप्रिलमध्ये परत आलो आणि आता घरातच परक्यासारखं वाटतं. शेवभाजीच्या तर्रीनं घाम फुटतो. सातला जेवायची सवय लागलीय, घरी साडेनऊला पानं घेतात. तिकडे रात्री दहानंतर कुणी आवाज करत नाही. इथे तेव्हाच टीव्ही मोठा होतो. चहा सुटला, काळी कॉफी लागते. आई बिचारी माझी भाजी वेगळी, बिनमिरचीची करते आणि सातला वाढते. वडील म्हणतात, साहेब झाला! तिकडे जिना झाडायची पाळी आली की दारावर पाटी लागायची, त्याचीही गंमत वाटायची. इथे शिस्तच नाही. आता श्रावणात घरी कानबाई देवी बसणार, सगळी भाऊबंदकी येणार, रात्रभर जागरण. ते दोन दिवस जळगावला हॉटेलात राहिलो तर चालेल का? मी बदललो हा माझा दोष आहे का?'

पत्र दोनदा वाचलं रे भो. दुसऱ्यांदा वाचलं ते त्या पाटीसाठी.

तिकडे त्या पाळीला 'केरवोख' म्हणतात. वोख म्हणजे आठवडा. आणि केर तुला मी काय सांगू, त्यांचाही केर झाडण्यातलाच. श्टुटगार्टच्या भागातली ही फार जुनी रीत आहे. आपापली घाण दर आठवड्याला ज्यानं त्यानं बाहेर न्यावी, असं त्या शहराच्या १४९२ च्या नियमांत होतं म्हणतात. ज्याच्या दारावर पाटी, त्यानं त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा, दारापुढचा रस्ता बघायचा, थंडीत बर्फ ओढायचा. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला. आठवण करून द्यायला ती पाटीच पुरते. दोन वर्षं तू असा केर काढलास, वर मजेनं काढलास, आणि पत्रात त्याला दिलीस एक ओळ.

आता सांग, विमानातून काय काय आणलंस? सातचं जेवण आणलंस, ते आई रांधते. फिकी भाजी आणलीस, तीही आईच करते. दहानंतरची शांतता आणलीस, ती बाकीच्यांनी पाळायची. कॉफीचा कप कोण विसळतं ते तू लिहिलेलं नाहीस, मीही विचारत नाही. दुसऱ्यांनी पाळायच्या सवयी तेवढ्या बॅगेत भरल्यास. एकच सवय तुझ्या हातानं करायची होती, ती तिकडच्या दारावर लटकत राहिली.

बाकी बदललास, त्यात दोष कसला? तिखटाचं म्हणशील तर ती जिभेची सवय. बंद केलं की जाते, रोज थोडं थोडं खाल्लं की परत येते. दिवाळीपर्यंत तर्री भुरकशील. आणि सातचं जेवण जर्मनीचं कधीपासून झालं? आपल्याकडची जैन घरं दिवस मावळायच्या आत जेवतात, माझी आजीही दिवेलागणीलाच भाकरी मोडायची. कॉफी पी बापा, चुलीवर पातेलं तूच ठेव म्हणजे झालं.

तुझ्या आईला मी बिचारी म्हणणार नाही. सातला एक चूल, साडेनऊला दुसरी, हे तिनं चार महिने निमूट केलं आणि तुला साहेब करण्यात वडिलांपेक्षा तिचाच हात मोठा. हे तिला वाचून दाखव.

हॉटेलात जायचं नाही. कानबाई येणार नागपंचमीनंतरच्या रविवारी, पण खरं काम असतं आदल्या आठवड्यात. भिंतींना हात फिरवायचा, फडताळातले डबे उतरवायचे, पितळेचे तांबे चिंचेनं घासायचे, ओटा धुवायचा. मग नैवेद्याच्या रोटाचे गहू. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ मोजतात. मोजायची पुरुषांच्या नावानं, निवडायची-दळायची बायकांनी, हेही एक आहेच. तू तिकडे जिना पुसत होतास त्या दोन्ही श्रावणांत तुझ्या नावाची सव्वा मूठ इथे पडली असणार. गावाला गेला म्हणून कुणी नाव गाळत नाही.

तेव्हा कानबाईच्या आधीच्या सोमवारी एक पुठ्ठा घे. वर मोठ्या अक्षरात 'केर' लिही, भोकं पाडून सुतळी ओव आणि तुझ्या खोलीच्या दाराला टांग. आठवडाभर ओटा, अंगण, डबे, तांबे आणि रात्रीची खरकटी भांडी तुझी. भाऊबंदकीतले हसतील, हसू दे. सातच्या भाजीची भांडी तर आजपासूनच तुझी, त्याला पाटी लागत नाही.

पुढच्या सोमवारी कानबाईचं विसर्जन करून आलास की पाटी उतरव. पुढचा आठवडा कुणाचा हे शोधायला लांब जायला नको. ज्या खुर्चीतून 'साहेब झाला' ऐकू येतं, तिच्या पाठीला टांग.