उसातलं घर, अंगणातलं कुत्रं आणि बिबट्या : मळ्यातल्या प्रश्नांना उत्तरं

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात शेतकऱ्यांची बैठक सुरू होते हुमणी (उसाची मुळं खाणारी अळी) नि खोडव्यापासून (तोडणीनंतर पुन्हा फुटणारा ऊस), आणि दहाव्या मिनिटाला बिबट्यावर येते. मागच्या बैठकीत आलेल्या चिठ्ठ्यांपैकी निम्म्या त्याच्याच होत्या. बिबट्या हा वनखात्याचा विषय, मी कृषी खात्याचा माणूस. पण गोठा, ऊस आणि रात्रीचं दारं धरणं, म्हणजे पिकाला पाणी देणं, हे सगळं माझ्या कामात येतं, म्हणून उत्तरं देतो.

प्रश्न : घर मळ्यात आहे, तिन्ही बाजूंनी ऊस. दोन कुत्री होती, एक बिबट्याने ओट्यावरून उचलून नेलं. दुसऱ्याला साखळीने बांधावं की राखणीला मोकळं सोडावं?

दोन्ही नको, दादा. दिवस मावळला की कुत्रं दाराच्या आत घ्या. अंगणात साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्यापुढे वाढून ठेवलेलं ताट. त्याला पळता येत नाही आणि ते भुंकत राहतं, म्हणजे पत्ताही तेच सांगतं. मोकळं सोडलेलं कुत्रं रात्रभर बांधाबांधाने फिरतं आणि कधीतरी बिबट्याला घेऊनच घराकडे पळत येतं.

शेजारच्या अकोले तालुक्यात, उसाच्याच भागात, बिबट्याची विष्ठा गोळा करून तो काय खातो याचा अभ्यास झाला होता. खाल्लेल्या मांसाच्या वजनापैकी 87 टक्के पाळीव आणि गावातल्या जनावरांचं निघालं. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के, मांजरांचा 15 टक्के. शेळ्या फक्त 11 टक्के. आता गंमत बघा, त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या! मग शेळीचं मांस बिबट्याला आवडत नाही का? आवडतं की. पण शेळी रात्री कोंडलेली असते आणि कुत्रं बाहेर झोपतं. फरक फक्त दाराचा आहे.

राखणीचं म्हणाल, तर कुत्रं आतूनही भुंकतं. त्याची भाकरी संध्याकाळी उजेडातच घाला आणि उरलेलं ताट उचलून आत ठेवा. धनगर बांधव कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात, तो दिवसा रानात उपयोगी पडतो, कारण बिबट्या मान धरतो. पट्टा घातला म्हणून रात्री बाहेर ठेवलं तरी चालेल, असं मात्र समजू नका.

आणि रेबीजची लस. पिलू तीन महिन्यांचं झालं की पहिली, पुढे पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. कोल्हा, मुंगूस किंवा अनोळखी कुत्रं तुम्हाला चावलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची काहीही भरू नका.

प्रश्न : गोठ्याला जाळी आहे, तरी एका रात्रीत चार शेळ्या मेल्या आणि नेली एकच. असं का?

हा गोठा मी स्वतः जाऊन पाहिला. जाळी होती ती कोंबड्यांची, षट्कोनी, हाताने ओढली तर वाकणारी. वर पत्रा होता, पण पत्रा आणि भिंतीत वारा खेळायला दीड-दोन फूट मोकळं सोडलेलं. भिंतीवर ओल्या मातीचे पंजे तिथपर्यंत गेलेले स्पष्ट दिसत होते. खाली दाराजवळ वीतभर फट, तिथं शेळीचे केस अडकलेले.

बिबट्या बंद जागेत उतरला की शेळ्या सैरावैरा पळतात, आणि जे जे हलेल त्यावर तो झडप घालतो. त्याला चार न्यायच्या नव्हत्या. म्हणून नुसता उंच गोठा कामाचा नाही, तो वरूनही बंद हवा. जाड तारेची वेल्डेड जाळी चारही बाजूंनी आणि छताखालच्या फटीलाही लावा, वारा येतोच. दाराच्या तळाला पत्र्याची पट्टी मारा. कडी बाहेरून आणि घट्ट. खर्च जाळीचा आहे, पण एका गाभण शेळीची किंमत तुम्हीच मला सांगा.

भरपाईबद्दल : मेलेली शेळी हलवू नका, पुरू नका. 48 तासांच्या आत वनखात्याला कळवा, पंचनामा होऊ द्या. बाजारभावाच्या 75 टक्के, ठरलेल्या कमाल मर्यादेत, मिळतात. वनखात्याची हेल्पलाइन 1926.

प्रश्न : पिंजरा लावून सगळे बिबटे जंगलात का नेऊन सोडत नाहीत?

माणसावर हल्ला करणारं जनावर पकडलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. ज्यांच्या घरातलं लेकरू गेलं, त्यांना सहजीवन शिकवायला जाणारा मी नाही. पण सरसकट पकडून सोडण्याचा प्रयोग आपल्याकडे होऊन गेलाय. 2001 नंतर जुन्नर भागातले बिबटे पकडून दुसऱ्या जंगलात सोडले, आणि माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. अनोळखी रानात सोडलेलं जनावर बिथरतं, आणि इथली रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांचं पाणी आलं, बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. वर्षभर आडोसा, पाटाला पाणी, वस्तीला कुत्री. उसातच जन्मलेल्या बिबट्याला जंगल ठाऊकच नाही, त्याचं घर तुमचा ऊस आहे.

तुमच्या हातात आहे ते एवढं : घराभोवती पंधरा-वीस फूट ऊस लावू नका, तिथं भाजीपाला, लसूणघास असं बुटकं पीक घ्या. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या ओढ्यात फेकू नका, खड्डा करून चुना टाकून पुरा. त्या वासाला आधी कुत्री येतात, मागून तो. विहिरीला कठडा बांधा, रात्री त्यात बिबटेही पडतात आणि माणसंही.

पंपाला लाईट रात्रीची असेल तर दारं धरायला दोघांनी जा, मोबाईलवर गाणी मोठ्याने लावा, बॅटरी चालू ठेवा. वाकून किंवा उकिडवं बसून काम करणारा माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो, म्हणून शक्यतो उभं राहा. दिवसा वीज मागण्याचं हेही एक कारण आहे, आणि मी ते वरच्या बैठकीत बोलतो.

प्रश्न : ऊसतोडणीत बिबट्याची पिल्लं सापडली, काय करायचं?

हात लावू नका, तोडणी तिथंच थांबवा, कुत्री दूर बांधा, 1926 वर फोन करा. आई जवळच असते. वनखात्याची माणसं संध्याकाळी पिल्लं त्याच जागी ठेवतात, रात्री ती येऊन तोंडात धरून नेते. पिल्लं घरी आणली तर ती त्यांना शोधत फिरते, ते जास्त धोक्याचं. आणि दर वेळी ती बिबट्याचीच असतात असं नाही, वाघाटी (ठिपक्यांचं छोटं रानटी मांजर) आणि रानमांजराची पिल्लंही तशीच ठिपक्या-पट्ट्यांची दिसतात, आणि ही दोघं तर तुमच्या उसातले उंदीर खातात.

प्रश्न : कुंपणात लाईट सोडली तर?

अजिबात नको. थेट वीज सोडलेल्या तारेने शेजारचा माणूस मरतो, गुन्हा तुमच्यावर येतो. सौर झटका मशीन वेगळं, त्यात क्षणभराचा झटका असतो, जीव जात नाही. ते बसवायचं तर चांगल्या कंपनीचं, आणि तारेखालचं गवत दर पंधरवड्याला काढायचं, नाहीतर गवतातून झटका जमिनीत जातो आणि तार नुसती शोभेची राहते.

शेवटची चिठ्ठी एका मावशींची. कोंबड्यांवर मुंगूस येतं, त्याला विष घालू का? नको, मावशी. ते विष आधी तुमचं कुत्रं खाईल. मुंगूस दिवसा येतं, म्हणून खुराड्याला बारीक जाळी आणि खाली शहाबादी फरशी टाका, ते उकरून आत जातं. आणि कोंबड्यांचं खाणं रात्री उघडं ठेवू नका. त्याला उंदीर येतात, उंदरामागे घोणस येते, आणि मग खुराड्यात हात घालायची तुमची पाळी येते.