व्हान होइडोंक : आठ क्लब, पाच देश आणि एक फ्री-किक

आपण विचारले आहे की, डच फुटबॉलपटू पिएर व्हान होइडोंक याने आठ क्लबांचे गणवेश अंगावर चढवले, तेव्हा त्याला कुठेच न टिकणारा, पैशामागे धावणारा खेळाडू म्हणावे की त्याच्या कारकिर्दीला काही सूत्र होते. माझे उत्तर असे की पैशाचा आरोप एका ठिकाणी थोडा खरा आहे, नॉटिंगहॅममधल्या संपाचा आरोप बऱ्याच अंशी खरा आहे, आणि बाकीच्या बदल्यांना 'न टिकणारा' हा शब्द लागू पडत नाही.

सुरुवात अगदी सरळ आहे. १९६९ साली नेदरलँड्सच्या उत्तर ब्राबांत प्रांतातील स्टेनबर्गन येथे जन्मलेला हा उंचापुरा आघाडीपटू आधी रोझेंदालच्या आरबीसी क्लबात आणि १९९१ पासून ब्रेडाच्या एनएसी क्लबात खेळला. दोन्ही गावे त्याच्या घराच्या पंचक्रोशीतलीच म्हणावी लागतील. वयाच्या पंचविशीपर्यंत हा माणूस आपल्या प्रांताबाहेरच्या कोणत्याही क्लबाकडून खेळलेला नव्हता, हे त्याला 'फिरस्ता' म्हणणारे सहसा विसरतात.

जानेवारी १९९५ मध्ये तो स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या सेल्टिक क्लबाकडे गेला. १९८९ नंतर सेल्टिकने एकही करंडक जिंकला नव्हता. त्या मे महिन्यात स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यात एअर्ड्रीविरुद्धचा एकमेव गोल त्याने डोक्याने केला आणि तो दुष्काळ संपला. पुढच्या हंगामात २६ गोलांसह तो लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला. सेल्टिक त्या वर्षी लीगमध्ये केवळ एक सामना हरले, तरी विजेतेपद शहरातील कट्टर प्रतिस्पर्धी रेंजर्सकडेच गेले. नंतर पगारावरून व्यवस्थापनाशी वाद झाला, तो वृत्तपत्रांत चघळला गेला आणि मार्च १९९७ मध्ये तो ग्लासगो सोडून इंग्लंडच्या नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबाकडे गेला. पैशाचा आरोप जो थोडा खरा म्हटला, तो इथला.

नॉटिंगहॅम फॉरेस्टचे प्रकरण मात्र जरा सविस्तर पाहायला हवे, कारण त्याच्या नावावरचा डाग तोच आहे. तो आला त्याच हंगामात संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला. पुढच्या वर्षी त्याने आणि केव्हिन कॅम्पबेलने मिळून लीगमध्ये पन्नासाहून अधिक गोल केले आणि फॉरेस्ट दुसऱ्या श्रेणीचे विजेते म्हणून परतले. १९९८ च्या उन्हाळ्यात क्लबने कॅम्पबेलला तुर्कस्तानातील ट्रॅब्झोनस्पोरला विकले. संघ बळकट करण्याचा शब्द आपल्याला दिला होता आणि तो मोडला, असे व्हान होइडोंकचे म्हणणे होते. त्याने खेळण्यास नकार दिला आणि तो हॉलंडमध्ये जाऊन बसला. करारात बांधलेल्या खेळाडूने असा संप करणे त्या काळी दुर्मीळच होते. नोव्हेंबरमध्ये तो परतला तेव्हा डर्बी काउंटीविरुद्ध त्याने गोल केला, आणि त्यानंतरचे दृश्य आजही सांगितले जाते: सहकारी त्याच्याकडे धावलेच नाहीत, त्यांनी आनंद आपसांत साजरा केला आणि गोल करणारा बाजूला एकटा राहिला. हंगामाअखेर फॉरेस्ट तळाला राहून पुन्हा खाली गेले. तक्रार रास्त असली तरी तिची किंमत ज्यांनी मोजली त्यांत मालक कमी आणि सहकारी जास्त होते, म्हणून मी त्याला या बाबतीत निर्दोष म्हणणार नाही.

आता सूत्राकडे येतो. आघाडीचा खेळाडू साधारणतः परावलंबी असतो. बगलेवरून येणारे चेंडू, मधल्या फळीचा वेग, प्रशिक्षकाची मांडणी हे बदलले की त्याचे गोल आटतात. व्हान होइडोंकची शिदोरी मात्र त्याच्या स्वतःच्या पायात होती. फ्री-किक, म्हणजे चेंडू थांबलेला, समोर प्रतिस्पर्ध्यांची भिंत, आणि उजव्या पायाच्या आतल्या बाजूने दिलेला वळसा. इथे साथीदार कोण आणि भाषा कोणती याने फारसा फरक पडत नाही. म्हणूनच हॉलंडमधील अर्नहेमच्या व्हिटेस क्लबात त्याने एका हंगामात २५ गोल केले, आणि २०००-०१ मध्ये पोर्तुगालचा बेनफिका क्लब आपल्या इतिहासातील नीचांकी सहाव्या स्थानावर गेला तेव्हाही त्याच्या नावावर लीगमध्ये १९ गोल होते. बुडत्या जहाजावर एवढे गोल करणाऱ्यांची यादी फार मोठी नसावी.

या साऱ्याचे फळ रॉटरडॅमच्या फेयनूर्डमध्ये दिसले. २००१-०२ च्या युएफा चषकात, म्हणजे युरोपीय क्लबांच्या स्पर्धेत, त्याने घरच्या मैदानावर रेंजर्सविरुद्ध दोन फ्री-किक जाळ्यात घातल्या (सेल्टिकच्या चाहत्यांना त्या रात्री किती समाधान वाटले असेल, ते वेगळे सांगायला नको), आणि डच क्लब पीएसव्हीविरुद्ध अखेरच्या क्षणी बरोबरी साधून देऊन सामना पेनल्टींपर्यंत नेला. अंतिम सामना ८ मे २००२ रोजी फेयनूर्डच्याच डे काउप मैदानावर, जर्मनीच्या डॉर्टमुंडविरुद्ध होता. दोनच दिवस आधी रॉटरडॅमचे राजकारणी पिम फोर्टाउन यांची हत्या झाली होती आणि शहर सुन्न होते. अर्ध्या तासाच्या सुमारास डॉर्टमुंडच्या युर्गेन कोलरला फेयनूर्डच्या टोमासनला पाडल्याबद्दल लाल कार्ड मिळाले. व्हान होइडोंकने ती पेनल्टी घातली आणि चाळिसाव्या मिनिटाला फ्री-किकवर गोलरक्षक येन्स लेमनला दुसऱ्यांदा चकवले. फेयनूर्डने सामना ३-२ असा जिंकला आणि आठ गोलांसह तो स्पर्धेतही अव्वल राहिला.

पुढे इस्तंबूलच्या फेनरबाहचेबरोबर २००४ आणि २००५ अशी सलग दोन तुर्की विजेतेपदे मिळाली. तिथले चाहते त्याला 'अझिझ पिएर', म्हणजे संत पिएर, म्हणत. नेदरलँड्सच्या राष्ट्रीय संघात मात्र बर्गकँप, क्लायव्हर्ट, मकाय आणि व्हान निस्टलरॉय या आघाडीपटूंच्या गर्दीत त्याला ४६ सामने आणि १४ गोलांवर समाधान मानावे लागले, आणि त्यांतही तो बहुधा राखीव खेळाडू म्हणूनच उतरत असे.

आणखी एक बाब आपल्या प्रश्नाशी थेट संबंधित आहे. इस्तंबूल सोडल्यावर, पस्तिशी ओलांडत असताना, तो पुन्हा ब्रेडाच्या एनएसीकडे आला आणि तिथून फेयनूर्डकडे. २००७ मध्ये तो निवृत्त झाला तो रॉटरडॅममध्येच. ज्या दोन क्लबांनी त्याला दुसऱ्यांदा दार उघडले, ते दोन्ही त्याला आतून पुरते ओळखत होते.